घर आणि विज्ञान : चुकलेल्या नावाचा शोध

प्रथम एका परिचित कुटुंबाची हकिकत सांगतो. सातारा जिल्ह्यातील हे कुटुंब मुलाच्या नोकरीनिमित्त बंगळुरास जाऊन राहिले. मुलाच्या आईचे नाव सविता. तेथे गेल्यावर पहिल्याच वर्षी त्यांना तापाने घेरले व चार दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. त्या वेळी दिलेल्या एका औषधाने त्यांच्या सर्वांगावर पुरळ उठले. डॉक्टरांनी औषध बदलले आणि ही गोष्ट त्यांच्या टिपणात नोंदवून ठेवली. दोन वर्षांनी पुन्हा त्याच रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला. मधल्या काळात मुलाचा दूरध्वनी क्रमांक बदलला होता. म्हणून खिडकीशी बसलेल्या मुलीने संगणकात आईंचे नाव घालून पाहिले. उत्तर आले की, या नावाची नोंद नाही. नवा कागद झाला, नवा क्रमांक मिळाला, आणि नव्या डॉक्टरांनी नेमके तेच औषध लिहून दिले. आईंनी चिठ्ठीवरील नाव मुलाकडून मोठ्याने वाचून घेतले, म्हणूनच पुढचा प्रसंग टळला.

नोंद नव्हती असे नाही. ती होती, परंतु दुसऱ्या वर्णांनी लिहिलेली होती. महाराष्ट्रात आपण ‘सविता’ हे नाव इंग्रजीत लिहिताना शेवटी टी आणि ए ही अक्षरे लिहितो. दक्षिणेत मात्र टी हे अक्षर ‘ट’साठी राखून ठेवण्याची व ‘त’साठी टी आणि एच ही दोन अक्षरे वापरण्याची रीत आहे. त्यामुळे तेथे आपली गीता, लता, सविता या सर्वजणींना एक एच अधिक मिळतो. पहिल्या वेळी स्थानिक कारकुनाने आपल्या रीतीने नाव लिहिले होते, तर दुसऱ्या वेळी मुलाने आपल्या रीतीने सांगितले. आता सांगा, यात चूक कोणाची? दोघांनीही कानाला ऐकू आले तेच लिहिले. यंत्राला मात्र कान नव्हता. त्याने अक्षरामागून अक्षर ताडून पाहिले व एक अक्षर अधिक दिसताच मान हलविली.

यंत्राला असा कान देता येईल काय, आणि दिला तर त्यावर कितपत विसंबावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

टपालवाल्याचा कान

नावे चुकीची लिहिली जाणे ही गोष्ट संगणकाच्या पूर्वीपासूनची आहे. ‘बंगलोर’, ‘बंगळूर’, ‘बेंगलुर’, ‘बेंगळुरू’ अशा नाना प्रकारांनी पत्ते लिहिलेली पाकिटे टपालखात्याने वर्षानुवर्षे बिनबोभाट पोहोचविली. टपाल वेगळे करणारा मनुष्य पत्ता डोळ्यांनी वाचीत असला, तरी मनातल्या मनात तो उच्चारून पाहतो, आणि उच्चार ओळखीचा वाटला की पाकीट योग्य खणात टाकतो. जुन्या गावच्या पोस्टमनला तर घरोघरची नावे पाठ असत. पाकिटावर ‘कुळकर्णी’ असो की ‘कुलकर्णी’, पत्र त्याच वाड्यात जाऊन पडे.

परंतु देश मोठा, भाषा अनेक आणि एकाच नावाची गावेही अनेक. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपालखात्याने सहा अंकी पिनकोडाची पद्धत सुरू केली. या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील हे अधिकारी संस्कृतचे कवी म्हणूनही ख्यातनाम होते. ५६०००१ हा आकडा पाकिटावर असला की, बंगळूरचे नाव कोणत्याही लिपीत व कसेही लिहिलेले असो, पत्र तेथील मुख्य टपाल कचेरीच्या भागात जाते. नावाच्या लेखनातील गोंधळ टाळण्यासाठी नावालाच आकडा जोडून द्यावा, ही ती कल्पना.

गावाला आकडा देता येतो, कारण गावे मोजकी आहेत व ती जागची हलत नाहीत. माणसांची नावे, औषधांची नावे, पुस्तकांची नावे, दुकानातील जिन्नसांची नावे यांचे काय करावे? त्यांनाही क्रमांक असतात, परंतु ते ध्यानात कोण ठेवणार? मनुष्य शोध घेतो तो नावानेच. मग नावाच्या उच्चारालाच आकडा देता आला तर? ही युक्ती अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच निघाली होती.

उच्चाराचा आकडा

पिट्सबर्ग येथील रॉबर्ट रसेल यांना २ एप्रिल १९१८ रोजी नावांची सूची करण्याच्या एका पद्धतीचे पेटंट मिळाले. पुढे मार्गारेट ओडेल यांच्या साहाय्याने तीत सुधारणा झाल्या आणि ती ‘साउंडेक्स’ या नावाने प्रसिद्धीस आली. संगणकाचा त्या काळी मागमूसही नव्हता. ही पद्धत कार्डांच्या खणांसाठी होती. ती इतकी सोपी आहे की, कागद-पेन्सिल घेऊन घरातील मुलांनाही करून पाहता येईल.

इंग्रजी नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवावे. पुढील अक्षरांतून सर्व स्वर, तसेच वाय, एच आणि डब्ल्यू ही अक्षरे गाळावीत. उरलेल्या व्यंजनांना त्यांच्या उच्चाराच्या जवळिकीप्रमाणे आकडे द्यावेत. बी, एफ, पी, व्ही या ओठांच्या अक्षरांना १. सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २. डी आणि टी यांना ३. एल यास ४, एम आणि एन यांना ५ व आर यास ६. एकाच गटातील अक्षरे लागोपाठ आली तर आकडा एकदाच लिहावा. असे तीन आकडे झाले की थांबावे, कमी पडल्यास शून्ये जोडावीत.

आता आपल्या सविताबाईंचे नाव घ्या. पहिले अक्षर एस, मग व्ही म्हणून १, टी म्हणून ३, आणि शेवटी शून्य. आकडा झाला एस-१३०. नावात टीनंतर एच असला तरी तो गाळावयाचा असल्याने आकडा तोच राहतो. ‘लक्ष्मी’ हे नाव कोणी एक्सने लिहितो, कोणी के, एस आणि एच अशा तीन अक्षरांनी लिहितो, परंतु दोन्ही प्रकारांचा आकडा एल-२५० असाच येतो. त्या रुग्णालयाच्या संगणकात हा शंभर वर्षांपूर्वीचा साधा नियम असता, तर खिडकीवरील मुलीच्या पुढे जुनी नोंद आली असती.

या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग म्हातारपणच्या निर्वाहासाठी झाला, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला व वृद्धांना निवृत्तिवेतन मिळण्याची सोय झाली. परंतु वयाचा पुरावा कोठून आणावयाचा? पूर्वी जन्माची नोंद सर्वत्र होत नसे. जुन्या जनगणनेच्या वह्यांत मात्र लहान मुलांचीही नावे व वये होती. म्हणून १८८० च्या जनगणनेतील ज्या घरांत दहा वर्षांपर्यंतची मुले होती, तेवढ्या घरांची कार्डे याच पद्धतीने तयार करण्यात आली. गणना करणारा परका असे, घरातील बाई आपल्या मूळ देशाच्या धाटणीने नाव सांगे, आणि तो त्याला ऐकू येईल तसे लिही. उच्चाराच्या आकड्याखाली शोधल्यामुळे ती वेडीवाकडी नावेही सापडू लागली व कित्येकांना आपले वय सिद्ध करता आले. नाव सापडणे म्हणजे हक्क सापडणे होय, हे यावरून ध्यानात येईल.

कर्नाटकातील बारा शहरे

ही पद्धत आपल्याकडील नावांना कितपत लागू पडते, हे पाहण्याची एक सोयीची संधी कर्नाटकाने आपणांस दिली आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून त्या राज्यातील बारा शहरांची इंग्रजीतील नावे बदलून कन्नड उच्चाराप्रमाणे करण्यात आली. बंगळूरचेही इंग्रजी नाव त्याच दिवशी बदलले. म्हणजे प्रत्येक शहराची जुनी व नवी अशी दोन लेखने आज कागदोपत्री आढळतात. जुन्या कागदात जुने, नव्या कागदात नवे. शोध घेणाऱ्या यंत्राला ही दोन्ही एकच आहेत हे कळावयास हवे.

मी दोन्ही नावांचे आकडे मांडून पाहिले. बंगळूरच्या जुन्या इंग्रजी नावाचा आकडा बी-५२४ आणि नव्याचाही बी-५२४. म्हैसूरची दोन्ही नावे एम-२६० मध्ये पडतात. हुबळीची दोन्ही एच-१४०, बळ्ळारीची बी-४६०, तुमकूरची टी-५२६. मंगळूर, होसपेट व चिकमगळूर यांचेही तसेच. बारांपैकी आठ शहरे या चाळणीतून सुखरूप पार पडली. याचे कारण सोपे आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी नावे लिहिली तेव्हा मधले व शेवटचे स्वर खाल्ले. कन्नड उच्चारात ते स्पष्ट ऐकू येतात. नवे नाव म्हणजे बहुतेक ठिकाणी तेच व्यंजनांचे हाडपेर आणि त्यावर परत आणलेले स्वर. साउंडेक्स स्वर मोजतच नाही, म्हणून त्याला फरक जाणवला नाही.

परंतु चार शहरे निसटली, आणि शिकण्यासारखे जे आहे ते त्या चारांतच आहे. विजापूरचे जुने नाव बी या अक्षराने व नवे नाव व्ही या अक्षराने सुरू होते. पुढील आकडे २१६ हे तंतोतंत तेच. गुलबर्ग्याचे नाव जीवरून केवर गेले. पुढील ४१६ मात्र कायम. ब आणि व, ग आणि क हे उच्चाराने शेजारी आहेत. बंगाल्यात ‘विमल’चा ‘बिमल’ होतो हे आपण जाणतोच. पण साउंडेक्स पहिल्या अक्षराला हात लावत नाही, त्यामुळे हे शेजारी त्याला परके वाटले. आपल्याकडे ‘वसंत’, ‘वाघ’, ‘विद्या’ ही नावे कोणी व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने. त्यांचीही हीच गत होते. शिमोग्याच्या जुन्या नावात मधला ‘व’ इंग्रजीत पार नाहीसा झाला होता, तो नव्यात परत आला.

बेळगावची गोष्ट तर मराठी वाचकाला विशेष जवळची. जुने इंग्रजी लेखन एम या अक्षराने संपे. हा एम बहुधा ‘गांव’ या जुन्या लेखनातील सानुनासिक उच्चाराचा अवशेष असावा. नव्या नावात त्या जागी व्ही आला, आणि आकडा बी-४२५ चा बी-४२१ झाला. आपणही ‘गांव’ वरील टिंब सोडून दिलेच की! उच्चारात न येणारे अनुस्वार देऊ नयेत, हा मराठी साहित्य महामंडळाने सुचविलेल्या व १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांचाच एक भाग होता. तेव्हा साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पुस्तके व कागदपत्रे शोधताना आपल्या स्वतःच्या लिपीतही हीच अडचण उभी राहते.

परक्याचा कान आणि आपला कान

साउंडेक्सचा कान इंग्रजी आहे. त्या कानाला जे ऐकू येत नाही ते त्याने सोडून दिले, आणि कधी कधी फारच सोडून दिले. सविता या नावाचा आकडा एस-१३० आहे हे आपण पाहिले. ‘सुबोध’ या नावाचा आकडा काढून पाहा. तोही एस-१३० च येतो! ‘शेवडे’ या आडनावाचाही तोच. चाळणीची भोके इतकी मोठी की, गव्हाबरोबर खडेही खाली येतात.

म्हणून निरनिराळ्या समाजांनी आपापल्या नावांसाठी निराळे नियम बांधले. पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू कुटुंबांच्या नावांसाठी डाइच व मोकोटॉफ यांनी १९८५ साली एक पद्धत तयार केली. तीत पहिल्या अक्षरालाही आकडा देतात, आणि ज्या अक्षराचे दोन उच्चार संभवतात त्याचे दोन्ही आकडे ठेवतात. गंमत अशी की, या पद्धतीत गुलबर्ग्याची जुनी व नवी नावे एकाच आकड्याखाली येतात. लॉरेन्स फिलिप्स यांनी १९९० साली काढलेली ‘मेटाफोन’ ही पद्धत इंग्रजीतील उच्चाराचे नियम अधिक बारकाईने पाळते. प्रत्येकाने आपला कान वापरला, हाच यातील बोध.

मग मराठी कानाने चाळणी विणावयाची झाल्यास ती कशी असेल? सुशिक्षित माणूसही मराठी लिहिताना कोठे चुकतो ते पाहा. ‘परीक्षा’ऐवजी ‘परिक्षा’, ‘आशीर्वाद’ऐवजी ‘आशिर्वाद’, ‘विशेष’ऐवजी ‘विशेश’. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसावा, श आणि ष एका खणात ठेवावेत. काही बोलींत ण आणि न, ळ आणि ल यांची अदलाबदल होते. तेही शेजारी बसवावेत. ऋ आणि रु, तसेच अनुस्वार आणि त्या वर्गाचे अनुनासिक एकच मानावे. हे ऐकून शुद्धलेखनाच्या अभिमान्यांनी दचकू नये. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, तरी शतकानुशतके वतनांचे, सारावसुलीचे व देण्याघेण्याचे व्यवहार त्या लिपीत झालेच. बंगळुरास १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर होती, आणि तेव्हापासून कर्नाटकात पसरलेल्या मराठी कुटुंबांची नावे मोडीतून, कन्नडातून व इंग्रजीतून अशी तीन-तीन लिप्यांत लिहिली गेली आहेत. शोधासाठी भेद पुसणे निराळे आणि लिहिताना भेद न पाळणे निराळे.

आपल्या लिप्यांच्या ठिकाणी एक मोठी सोयही आहे. भारतीय लिप्यांसाठी १९८८ साली जी सांकेतिक क्रमवारी ठरली, तिच्या धर्तीवर जगन्मान्य युनिकोडात आपल्या लिप्यांची रचना झाली आहे. प्रत्येक लिपीला १२८ घरांची एक आळी. देवनागरीच्या आळीत ‘क’ ज्या क्रमांकाच्या घरात राहतो, कन्नडच्या आळीतही तो त्याच क्रमांकाच्या घरात राहतो. पाणिनीच्या परंपरेने कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशी वर्णांची जी मांडणी आपणांस दिली, तिचे हे फळ होय. या रचनेचा आधार घेऊन संतोष तोट्टिंगल यांनी भारतीय लिप्यांसाठी साउंडेक्ससारखी एक पद्धत तयार केली. तिच्यायोगे एकच नाव कन्नड, मलयाळम व देवनागरी या लिप्यांत लिहिलेले असले तरी ताडून पाहता येते.

बंगळूर शहरात या विषयावर बरेच काम झाले आहे, आणि ते साहजिकच आहे. ज्या शहरात एकाच रस्त्यावर कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी व हिंदी बोलणारी कुटुंबे राहतात, तेथे नावांच्या लेखनाचा गुंता रोजचाच. इंग्रजी अक्षरांत कानाला येईल तसे लिहावे व यंत्राने योग्य भारतीय शब्द सुचवावा, असे ‘क्विलपॅड’ हे साधन २००६ साली याच शहरातील एका कंपनीने तयार केले. अलीकडे हेच काम उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्रांकडे आले आहे. मद्रास येथील आय. आय. टी. मधील संशोधकांनी २१ भारतीय भाषांतील शब्द व त्यांची इंग्रजी लेखने यांच्या सुमारे २ कोटी ६० लाख जोड्या गोळा करून खुल्या केल्या आहेत. नियम हाताने न लिहिता अशा जोड्या वाचूनच यंत्र ‘त’ आणि ‘थ’ यांचे नाते शिकते.

सूचना की निर्णय?

आता आपण एखादा शब्द चुकीचा लिहिला असता, ‘आपणांस हे म्हणावयाचे आहे काय?’ असे यंत्र विचारते, ते कसे? सामान्यतः यात तीन चाळण्या असतात. पहिली उच्चाराची. तिच्यातून समान ध्वनीचे शब्द निवडून निघतात. दुसरी अक्षरांच्या अंतराची. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती अक्षरे घालावी, काढावी वा बदलावी लागतात, ते मोजावयाचे. हे अंतर मोजण्याची रीत सोव्हिएत गणिती लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडली. त्याच्या आदल्या वर्षी डॅमेरौ यांनी दाखवून दिले होते की, त्यांनी तपासलेल्या लेखनचुकांपैकी शेकडा ८० हून अधिक चुका एका अक्षराच्याच होत्या. एखादे अक्षर गळलेले, जास्त झालेले, बदललेले, किंवा शेजारची दोन अक्षरे उलटसुलट झालेली. ‘परिक्षा’ आणि ‘परीक्षा’ यांत अंतर एकाच खुणेचे, म्हणून ती सूचना वर येते. तिसरी चाळण वहिवाटीची. जो शब्द लोक अधिक वापरतात तो आधी दाखवावयाचा. सविता आणि सुबोध पहिल्या चाळणीत एकत्र आले, तरी दुसरीत वेगळे होतात.

तिसऱ्या चाळणीसंबंधी मात्र एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. जे बहुतेकांचे ते योग्य, असे यंत्र धरून चालते. त्यामुळे प्रसिद्ध नावे झटकन सापडतात आणि एखाद्या वाडीचे, पाड्याचे किंवा विरळ आडनावाचे नाव ‘सुधारून’ भलत्याच नावात बदलले जाते. ज्यांचा लेखी दुनियेशी संबंध थोडा, त्यांचीच नावे यंत्राच्या ओळखीची नसतात. आणि दप्तरात नाव सापडण्याची गरज त्यांनाच अधिक. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक देण्यात आला. त्या योजनेचे तांत्रिक केंद्र बंगळुरास उभे राहिले. नावाची पडताळणी करण्याच्या त्यांच्या प्रारंभीच्या नियमांत तंतोतंत जुळणीबरोबर अंशतः जुळणीची, आणि भारतीय भाषेतील नावासाठी ध्वनिसाम्याची सोय ठेवलेली होती. नाव अक्षरशः जुळले नाही म्हणून माणूस खोटा ठरू नये, हा त्यामागील विचार योग्यच होय.

याउलट, उच्चार जुळला म्हणून वस्तू एकच ठरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पोटातील आम्ल कमी करणारे ‘लोसेक’ नावाचे औषध अमेरिकेत १९८९ साली आले. शरीरातील पाणी लघवीवाटे काढून टाकणारे ‘लॅसिक्स’ हे औषध तेथे आधीपासून होते. चिठ्ठीवर व तोंडी सांगण्यात या दोहोंचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९९० साली नव्या औषधाचे तेथील नाव बदलून ‘प्रिलोसेक’ करावे लागले. आपल्या साउंडेक्सने पाहिले तर दोन्ही जुन्या नावांचा आकडा एल-२२० असा एकच येतो! कानाची जी युक्ती सविताबाईंची नोंद शोधून देते, तीच युक्ती त्यांच्या हाती भलतीच गोळी ठेवू शकते. मराठीतही ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘मन’ आणि ‘मण’ ही एका खणातली, पण निराळ्या अर्थाची मंडळी आहेतच. यास्तव यंत्राने सुचवावे, ठरवू नये. दोन-चार नावे पुढे मांडावीत, त्यांच्या शेजारी वय, गाव, पित्याचे वा पतीचे नाव असा दुसरा पुरावा दाखवावा, आणि निवड माणसाने करावी. त्या रुग्णालयातही एवढे झाले असते तर पुरे होते. ‘सविता, वय ६१, सातारा’ ही ओळ वाचली असती, तर खिडकीवरील मुलीने स्वतः होऊन विचारले असते, “आजी, या आपणच काय?”

घरच्या माणसांनी काय करावे?

यंत्रे सुधारतील तेव्हा सुधारोत; तोवर आपल्या हाती काही गोष्टी आहेत. घरातील प्रत्येकाच्या नावाचे इंग्रजी लेखन एकदा ठरवून एका वहीत लिहून ठेवावे, आणि शाळा, बँक, रुग्णालय, शिधापत्रिका या सर्व ठिकाणी तेच द्यावे. आधीच्या कागदांत निराळे लेखन झाले असेल तर त्याचीही नोंद त्याच वहीत ठेवावी. परप्रांतात गेल्यावर तेथील कारकुनाने काय लिहिले ते तोंडी न विचारता डोळ्यांनी पाहावे. ‘नोंद नाही’ असे उत्तर आले, तर लगेच परत न फिरता, “एच घालून पाहा, व्हीच्या जागी डब्ल्यू घालून पाहा, आडनाव आधी घालून पाहा,” असे नम्रपणे सुचवावे. औषधाचे नाव मात्र कधीही केवळ कानावर विसंबून सांगू नये. चिठ्ठी किंवा रिकामे पाकीट दाखवावे. आणि कोणते औषध सोसत नाही, ते त्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवावे.

ज्यांच्या हाती दप्तरे व संगणक आहेत, त्यांनाही एक विनंती आहे. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे लेखन चुकले म्हणून त्याला अडाणी समजू नये. त्याने ऐकले तसे लिहिले. आपल्या यंत्राला ते ऐकू आले नाही, एवढेच.

साताऱ्याच्या त्या आईंनी आता अशी वही केली आहे. पहिल्या पानावर त्यांचे नाव दोन्ही प्रकारांनी लिहिलेले आहे, एच घालून आणि एच गाळून. खाली लाल शाईत त्या औषधाचे नाव आहे. वाचकहो, आपल्या घरातही अशी एक वही आजच करावी.